टाक्यातल्या एकतीस काचा

९ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी बाबांच्या सांगण्यावरून लिहितेय. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे तुझा गैरसमज नको. तुझा फोन नंबर आमच्याकडे नाही. पत्ता आहे, तोही तुझ्या पिल्लूच्या जन्माचं कार्ड आलं होतं त्या पाकिटावरचा. पाच वर्षांत बदलला नसेल असं धरून चालते.

निरोप असा : येत्या बावीस मार्चला चौकाखालच्या मोठ्या टाक्याला दीडशे वर्षं पूर्ण होतात. वर चौकात मंडप, हजार खुर्च्या, भाषणं. आणि खाली टाक्यात पहिली चाळीस माणसं बाबांच्या मागून उतरणार. पडसादासाठीची पहिली हाक पिल्लूने द्यावी अशी बाबांची इच्छा आहे. "तिला सांग, आजोबांनी बोलावलंय," असं म्हणाले. 'तिला' म्हणजे पिल्लूला की तुला, ते मी विचारलं नाही.

मी वर्षभरापासून पालिकेच्या बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता आहे. समारंभासाठी शहराचा इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळं अशी एक पुस्तिका निघतेय, तिच्यातले आकडे तपासायचं काम माझ्याकडे आलं. आकडे तपासणं म्हणजे आपल्या घरातच भांडण लावणं, कारण मजकूर बाबांनी, टाकं दाखवताना टूरवर सांगतात तसाच, सांगितलेला आहे. या गावाला नदी नाही, व्यापाराच्या रस्त्यावर एका दिवसाच्या चालीवर थांबायला बरं म्हणून ते वसलं, पाण्यासाठी दोनदा उठून जायची वेळ आली, मग टाकं बांधलं आणि गावाचं शहर झालं, इथपर्यंत ठीक. पण 'चौऱ्याऐंशी खांब' लिहिलंय. खांब त्र्याऐंशी आहेत. मी म्हटलं तर बाबा म्हणाले, "त्र्याऐंशी सांगितलं की लोक उरलेला एक शोधत बसतात. टूर लांबते."

तसंच पडसादाचं. 'हाकेचा पडसाद सतरा सेकंद टिकतो.' मी घड्याळ लावून मोजलाय, बारा पॉइंट आठ. बाबा लोकांकडून मोठ्याने मोजून घेतात आणि शेवटी शेवटी असे भरभर मोजतात की सतरा भरतातच. मी पुस्तिकेत 'सुमारे बारा-तेरा' केलं. छापून येईल तेव्हा घरात दोन दिवस बोलणं बंद असेल.

बाकीची स्थळं तुझ्या वेळची तीच आहेत. बागेतलं काचघर, पाणी नसलेला पूल, आणि संग्रहालय, जिथे शहराचा पहिला नळ मखमलीवर ठेवलाय.

टाक्याची देखरेखही आता माझ्याकडे आहे. अठ्ठावीस जानेवारीला सत्तेचाळीसाव्या खांबावरच्या कमानीत मी तडा किती वाढतो ते मोजणारं एक डिजिटल गेज बसवलं. जुन्या काचपट्ट्या आहेतच. एकतीसच्या एकतीस शाबूत, सव्वीस वर्षांपूर्वीच्या तारखांसकट.

त्या काचांबद्दल मला आणखी काही लिहायचं नाही. कळव, येणार का.

— छोटी

१८ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. 'पिल्लू यायचं म्हणतेय. काचा कशा आहेत?'

काचा चांगल्या आहेत. मागच्या पत्रात लिहिलंच होतं.

तरी तू विचारलंस म्हणून कामाचं सांगते. विटांच्या कमानीत तडा असला की त्याच्यावर आडवी, बोटभर रुंद काचेची पट्टी बसवतात, दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा लावून. काच ताणत नाही. तडा केसभर जरी वाढला तरी ती तुटते. म्हणून तिच्यावर बसवल्याची तारीख रंगाने लिहितात : अमुक दिवसापासून आजवर इथे काही हललेलं नाही, एवढंच ती सांगते. यंत्र नाही, वीज नाही. मला हे साधन आवडतं.

सत्तावीस नंबरची काच माझ्या गेजपासून वीतभर अंतरावर आहे. त्याच तड्यावर. गेजचं वाचन असं :

२८ जानेवारी, शून्य.
४ फेब्रुवारी, ०.०४ मिलिमीटर.
११ फेब्रुवारी, ०.११.
काल, ०.१९.

काच शाबूत.

हे दोन्ही एका वेळी खरं असू शकत नाही. गेज बिघडलेलं असेल म्हणून ऑफिसमधलं दुसरं लावून पाहिलं. तेही तेच दाखवतं. मी चुकीचं बसवलं असेल म्हणून काढून पुन्हा बसवलं. तिसरी शक्यता आहे. ती मी अजून कागदावर आणलेली नाही.

काल वाचन घेताना मी एकटीच खाली होते. वर चौकातून एक ट्रक गेला. एरवी तो आवाज मला कळतही नाही, आपण त्यातच वाढलो. काल मी खांबाला हात लावून उभी होते आणि ट्रक गेल्यावरही हात काढता आला नाही. विटेची धूळ तळव्याला चिकटली होती, घामाने. हे वाचनाच्या वहीत लिहिण्यासारखं नाही म्हणून इथे लिहिते.

ऑफिसला जाताना आता मी चौकातून जात नाही. छापखान्याच्या मागच्या गल्लीने वळसा घालते. नऊ मिनिटं जास्त लागतात.

— छोटी

२६ फेब्रुवारी

ताई,

मी सत्तावीस नंबरची काच भिंगाखाली पाहिली.

तारीख माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधीची आहे. अक्षर माझं आहे.

तुला आठवत असेल, मी शून्याच्या पोटात एक ठिपका द्यायचे. कुठल्याशा पुस्तकात पाहिलं होतं आणि भारी वाटायचं. बाई वहीत लाल रेघा मारायच्या, तरी सोडलं नव्हतं. काचेवर दोन शून्यं आहेत, दोन्हींत ठिपके. मग मी दिवा घेऊन बाकीच्या तीस पाहिल्या. बावीस काचांवर माझे ठिपके आहेत. काही खरोखर माझे, काही कोणीतरी माझं बघून काढलेले. कोणीतरी म्हणजे कोण, हे आपल्या घरात विचारायची गरज नाही.

म्हणजे आता ते लिहायला हवं. तू ते जाणतेस, पण मी ते कधी बोललेले नाही.

मी अकरा वर्षांची होते. बाबा फुटलेली काच खरवडून काढायचे, तिथे नवी बसवायचे, आणि मला रंगाची डबी नि बारीक ब्रश द्यायचे. "तुझं अक्षर छान आहे. जुनी तारीख जशीच्या तशी उतरव." मला वाटायचं, तारीख म्हणजे तड्याचा वाढदिवस. वाढदिवस कोण बदलतं? बाबांनाही तसंच वाटत होतं, असं मला आजही वाटतं. फुटलं ते बदलायचं, पुसायचं, लोकांना दाखवण्याजोगं ठेवायचं. हेच त्यांचं काम होतं.

तू सोळा वर्षांची होतीस. तू फुटलेल्या काचेचे तुकडे रुमालात बांधून पालिकेत गेलीस आणि तेव्हाच्या इंजिनिअरना घेऊन आलीस. ते माझ्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, "बाळ, घाबरू नकोस. या काचा कोणी बदलतं का?"

माझ्या अंगठ्याला रंग लागलेला होता. मी हात फ्रॉकच्या खिशात घातला आणि म्हटलं, "नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. तुझ्या हातातला रुमाल घेऊन बाबांना दिला आणि तुला म्हणाले, "वडलांवर राग असतो या वयात. पण माणसाची नोकरी जाते, कळतं का?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी बाबांकडे पाहत होते.

पुढची दोन वर्षं बाबा तुझ्याशी बोलले नाहीत. तू गेलीस. तू निघालीस तेव्हा मी दाराशी नव्हते. गणिताचा पेपर होता, असं मी सगळ्यांना सांगत आले. पेपर दुसऱ्या दिवशी होता.

गेजचं आजचं वाचन ०.२७.

आज मी सत्तावीस नंबरची काच काढून नवी लावली. तारीख आजची, माझ्या हातची. बसवण्याआधी मागच्या बाजूला खिळ्याने एक ओरखडा काढलाय. बाहेरून दिसत नाही. कडेने दिवा धरला तरच. बाबांना सांगितलं नाही.

हे करताना मला चोरासारखं वाटलं. तपासणाऱ्याला तसं वाटायचं कारण नाही.

— छोटी

५ मार्च

ताई,

काच शाबूत आहे. तारीख माझी आहे. ओरखडा नाही.

आज एका शाळेची सहल आली होती, साठेक मुलं. मी खालीच होते. बाबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "एक, दोन, तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम पाय आपटायचे! बघू या दीडशे वर्षांचं म्हातारं जागं होतं का!" साठ मुलांनी पाय आपटले. मी सत्तेचाळीसाव्या खांबाशी उभी होते. गेजवरचा शेवटचा आकडा थरथरला, थांबला, आणि होता तिथे परत आला नाही. एवढंच. बाबा मोठ्याने मोजत होते, मुलं त्यांच्या मागे, चौदा पंधरा सोळा सतरा, आणि टाळ्या. मला ओरडून सांगता आलं असतं, बाहेर पळा म्हणून. साठ मुलं अरुंद जिन्यावर पळाली तर काय होईल, याचा हिशेब मी करत बसले. तोवर ती रांगेने वर गेली.

मग बाबा एकटे सापडले. तिकिटाच्या खिडकीमागे बसून टॉर्च पुसत होते.

"बाबा, सत्तावीस नंबरची काच बदललीत?"

"हो. फुटली होती."

"कधी?"

"झाले असतील तीन-चार दिवस. तू कामात, म्हटलं कशाला तुला त्रास. तारीख तुझीच घातलीय. शून्यात ठिपकापण दिलाय, बघितलास?"

ताई, ते खूश होते. मला मदत केली म्हणून.

"अहो बाबा, ती फुटावी म्हणूनच लावतात."

"फुटावी म्हणून कोणी काच लावतं का गं? इंजिनिअर झालीस म्हणून काहीही?"

"ती फुटली म्हणजे कमान हलली."

"हलली असेल. दीडशे वर्षं एका जागी उभं राहून दाखव बरं तू, पाय मोडून येतात की नाही. पण लोकांना फुटकी काच दिसली की ते वर बघतात. एकदा वर बघायला लागले की माझ्याकडे कोण बघतंय?"

"आजवर किती बदलल्यात?"

ते टॉर्चची काच पुन्हा पुसायला लागले. ती स्वच्छच होती.

"मोजल्या नाहीत," म्हणाले. आणि मग, "थोरलीचं काय आलं? येतेय का?"

चार दिवसांत एक काच. मी ते त्यांना समजावून सांगितलं नाही.

पिल्लूला आणू नकोस. तूही येऊ नकोस. मी हे कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाहीये.

— छोटी

११ मार्च

ताई,

साहेबांना अहवाल दिला. साहेब म्हणजे आमचे कार्यकारी अभियंता. वाईट माणूस नाही, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. मी लिहिलं : पूर्वेकडच्या मुख्य जलवाहिनीला गळती असावी. त्या पाण्याने सत्तेचाळीसाव्या खांबाच्या पायाखालची माती धुऊन जात असावी. टाकं आणि वरचा चौक दोन्ही तातडीने बंद करावेत.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुझं गेज दीड महिन्याचं. काचा सव्वीस वर्षांच्या. मी कोणाचं ऐकू?"

"काचा बदललेल्या आहेत, साहेब."

"हं. हा आरोप जुना आहे." त्यांनी फाईल मागवली. रेकॉर्डच्या बाईंनी ती धूळ झटकत आणून टेबलावर आपटली. तेरा वर्षांपूर्वीची चौकशी, दीड पान. त्यांनी वाचून दाखवलं : "'रखवालदाराच्या धाकट्या मुलीच्या, वय वर्षं अकरा, जबाबानुसार काचा कधीही बदललेल्या नाहीत. मोठ्या मुलीची तक्रार खोडसाळ आढळून आली.'" मग माझ्याकडे पाहिलं. "ही धाकटी म्हणजे तूच की."

"हो. मी तेव्हा खोटं बोलले. तसं लेखी देते."

ते जरा हसले. कुचेष्टेने नव्हे, दमल्यासारखे. "अगं, तेव्हा खोटं बोललीस की आता बोलतेयस? एकाच माणसाचे दोन जबाब. मी समितीपुढे कोणता ठेवू? मंडप ठरलाय, पाहुणे ठरलेत. तडा पन्नास मिलिमीटर वाढलाय का? अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. बावीस तारखेनंतर बघू."

"कमान सांगून पडत नाही, साहेब."

"मग पुरावा आण. तुझा शब्द सोडून दुसरा कुठलाही."

मी लेखी जबाब दिलाच. त्याची प्रत या पाकिटात आहे, पोच-शिक्क्यासह. तुझी तक्रार खरी होती, असं तिसऱ्या परिच्छेदात आहे. हे वाक्य सरकारी भाषेत लिहिणं मला सोपं गेलं. साध्या भाषेत असं : ताई, तू खरं बोलली होतीस.

जुन्या फुटक्या काचा मिळाल्या असत्या तर पुरावा झाला असता. पण तेरा वर्षांचा कचरा कोण ठेवतं.

बाबांना जबाबाचं कळलंय. रेकॉर्डच्या बाईंचा नवरा त्यांच्या ओळखीचा. घरी आले, जेवायला बसले, माझं ताट स्वतः वाढलं आणि म्हणाले, "आता तूपण." बस, तेवढंच.

वाचन ०.३६. खाली उतरताना मी जिन्याच्या पायऱ्या मोजते. अडतीस. वर येताना धावले तर किती सेकंद, तेही मोजलंय. अठरा. सत्तेचाळीसाव्या खांबापासून जिन्यापर्यंत आणखी बावीस. चाळीस सेकंद. कशालाच पुरणार नाहीत.

— छोटी

१८ मार्च

ताई,

आज सकाळी सव्वासातला, पहिली टूर सुरू व्हायच्या आधी, मी बाबांना म्हटलं, "एकदा माझ्याबरोबर खाली चला. मग तुम्ही म्हणाल ते."

"तुझ्या जबाबावर सही करायला?"

"नाही. एक हाक द्यायला."

ते आले. किल्ली त्यांच्याच कंबरेला. आम्ही सत्तेचाळीसाव्या खांबापाशी थांबलो. मी काही दाखवलं नाही, आकडे सांगितले नाहीत. आकडे मी त्यांना आयुष्यभर सांगत आलेय.

"हाक द्या," म्हटलं. "पण आज मोजू नका."

"मोजल्याशिवाय कसं कळणार किती झालं?"

"नाही कळलं तरी चालेल. फक्त गप्प राहायचं. शेवटपर्यंत, आणि त्याच्यानंतरही."

त्यांनी हाक दिली. नेहमीची 'ओहोऽऽ' नाही. 'थोरलेऽऽ' अशी दिली. का, ते मी विचारणार नाही आणि तूही विचारू नकोस. ती हाक खांबाखांबांतून फिरली, पार उत्तरेच्या भिंतीपर्यंत गेली, परत आली, बारीक झाली. मी घड्याळ पाहिलं नाही. ती संपली.

मग शांतता. आणि त्या शांततेत आवाज आला, वरून. पिशवीतून साखर सांडावी तसा. बारीक, न थांबणारा.

वाळू गळत होती. विटांच्या मधल्या चुन्याची, आमच्या डोक्यावरून.

सव्वीस वर्षं बाबा या जागी दिवसातून आठ वेळा उभे राहतात, आणि हाक संपायच्या क्षणाला त्यांचा स्वतःचा आवाज 'सतरा!' म्हणत असतो, मागोमाग टाळ्या. ही शांतता त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. मीही नाही. मी काल दुपारी वाचन घेताना ऐकली, पहिल्यांदा.

बाबांनी टॉर्च वर केला. झोतात धूळ दिसत होती, सरळ रेषेत उतरणारी. त्यांनी हात पुढे केला. तळव्यावर काही पडलं. त्यांनी ते बोटांनी चोळून पाहिलं, मग माझा दंड धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तसा, घट्ट.

"चल."

"बाबा, सावकाश—"

"चल म्हटलं ना!"

अडतीस पायऱ्या. त्यांनी मला पुढे घातलं होतं. मागे त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि त्याच्यामागे ती साखर. वर आल्यावर त्यांनी दार ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

मग ते तिकिटाच्या खिडकीमागे गेले. बाकाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. तुझ्या वेळी त्यात खडू असायचे.

डब्यात काचा होत्या. सगळ्या फुटक्या. एकेका काचेच्या दोन तुकड्यांची प्रत्येक जोडी जुन्या तिकिटाच्या कागदात गुंडाळलेली, आणि कागदाच्या मागे पेन्सिलने खांबाचा नंबर, फुटलेली सापडली ती तारीख आणि अनुक्रमांक. अठ्ठावन्न.

"तुम्ही म्हणालात मोजल्या नाहीत."

ते एका कागदाची घडी नखाने सरळ करत राहिले.

"तारखा कशाला लिहून ठेवल्यात?"

"लिहून ठेवलं की मनातून जायचं," म्हणाले. "त्या दिवसापुरतं."

मी तिथेच जमिनीवर बसून तारखा लावल्या. पहिल्या अकरा वर्षांत नऊ. पुढच्या दहांत सतरा. शेवटच्या पाच वर्षांत बत्तीस, त्यांतल्या सहा या वर्षीच्या. इतकं स्वच्छ रेकॉर्ड आमच्या अख्ख्या विभागात कुठल्या इमारतीचं नसेल.

बारावी जोडी तिकिटात नव्हती, रुमालात होती. तुझ्या. कोपऱ्यावर निळं फूल आहे, आईने भरलेलं. आत तुझी चिठ्ठी : 'सत्तावीस नंबर. आज सकाळी फुटली. बाबांनी लगेच बदलली. मी स्वतः पाहिलं.' खाली तारीख, तुझी सही. आणि त्याच्याखाली बाबांच्या पेन्सिलीने '१२'. बाकीच्या सगळ्यांसारखं. अकराच्या पुढे, तेराच्या आधी.

डबा घेऊन बाबाच साहेबांकडे गेले. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. आत काय बोलणं झालं ते दाराआडून नीट कळलं नाही, फक्त बाबांचा आवाज एकदा चढला : "साहेब, माझी नोकरी घ्या, पण माझ्या नातीला मी तिथे हाक मारायला लावणार होतो!"

साडेअकराला चौक बंद करण्याचा आदेश निघाला.

— छोटी

२२ मार्च

ताई,

टाकं पडलं नाही.

हे आधी सांगते, कारण आज सकाळपासून शंभर जणांनी मला तेच ऐकवलंय. समारंभ कॉलेजच्या मैदानावर झाला, कमी गर्दीत. चौकाभोवती पत्रे आणि दोर आहेत. दुकानदार चिडलेत. चौकातला घड्याळवाला म्हणाला, "काय इंजिनिअरबाई, उभंच आहे की तुमचं पडणारं!" तो रात्रंदिवस त्या कमानीच्या कडेवर दुकान थाटून बसलेला असतो, हेच मी बघत होते.

जलवाहिनी परवा उकरली. गळती होती. पायाखालच्या पोकळीत माणूस उभा राहील एवढी जागा झालीय. कामगार आत टेकू लावतायत. ते खाली असतात तोवर मी पत्र्याबाहेर उभी असते आणि सगळे वर आल्याशिवाय हलत नाही. आजचं वाचन ०.४४. टेकू लागेपर्यंत काय होईल ते मला माहीत नाही, आणि हे वाक्य मी कामाच्या कागदावर पहिल्यांदाच लिहिलं.

बाबांना कामावरून दूर ठेवलंय. चौकशी होईल. तरी ते सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. दोराच्या कोपऱ्यावर उभं राहून बाहेरगावच्या चार माणसांना टाकं बाहेरूनच समजावून सांगत होते, हातवारे करून. मी मागून ऐकलं. "त्र्याऐंशी खांब," म्हणाले. एकाने विचारलं, पुस्तकात तर चौऱ्याऐंशी वाचले. "पुस्तक जुनं असेल," म्हणाले.

तुझं पत्र काल आलं. मी येऊ नकोस लिहिलं होतं. तू 'मंगळवारी येतोय' लिहिलंस, दोघी. बरं.

गाडी आठ दहाला येते. स्टेशनवरून सरळ रस्ता चौकाकडे जातो. टॅक्सीवाला म्हणेल, पत्र्याच्या कडेने जाता येतं, लवकर पोहोचाल. त्याचं ऐकू नकोस. पाणी नसलेल्या पुलावरून, छापखान्याच्या मागच्या गल्लीने यायचं. नऊ मिनिटं जास्त लागतात. पिल्लूने वाटेत पाय आपटले तरी चालेल. तिथे खाली नुसती माती आहे, मी नकाशात पाहिलंय.

बाबा गल्लीच्या वळणावर उभे राहणार आहेत, साडेसातपासून. मी म्हटलं गाडी आठ दहाची आहे, तरी साडेसातपासूनच.

मी दाराशी असेन.

— छोटी